ज्यानं बाबांचा घोटा धरला

माझं सासर कामतघरचं. घरचेच लूम, म्हणजे कापडाचे यंत्रमाग, आणि इकडे मागांना सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे आमचा रविवार शुक्रवारी येतो. त्या दिवशी खडखड थांबते, नवरा दुपारचा झोपतो आणि मी रिक्षा करून राहनाळला माहेरी जाते. आईला भेटायला जाते असं सगळ्यांना सांगते. खरं म्हणजे भांडायला जाते.

माहेरच्या ओटीवर दर शुक्रवारी एकच वाद चालतो: जगातला आजवरचा सर्वांत मोठा खेळाडू कोण? वादाला तिघे असतात. माझे बाबा, माझे काका आणि शेजारच्या खोलीतले मास्तरचाचा. हे मास्तर शाळेतले नव्हेत, लूम दुरुस्त करणारे. तरुणपणी उत्तर प्रदेशातून नारपोलीच्या कारखान्यात आले आणि आता काम सोडून आमच्याकडचा चहा पितात. काकांचं मत क्रिकेटला. आपला तो ठेंगणा फलंदाज, त्याच्यापुढे बाकीचे सगळे पाणी भरतात. मास्तरचाचांचं मत परदेशातल्या एका मुष्टियोद्ध्याला. "वो मारता बाद में था, पहले बोल के बताता था," असं म्हणून ते हवेत एक ठोसा मारतात आणि मग बराच वेळ खांदा चोळत बसतात. मी एकदा एका बाई धावपटूचा विषय काढला. तिघांनीही शांतपणे ऐकून घेतलं आणि माझ्याकडे चहा मागितला. त्या दिवशी मी चहात साखर घातली नाही.

बाबांचं उत्तर मात्र कायम ठरलेलं असायचं. "खाडीपलीकडचा तो पोरगा."

कोणता पोरगा, तर नाव माहीत नाही. गाव नक्की कोणतं, तेही माहीत नाही. बाबा तरुणपणी आमच्या गावच्या कबड्डी संघातून खेळायचे. चढाईला गेले की मोकळ्या हाताने परत येत नसत, अशी त्यांची ख्याती. एका स्पर्धेच्या अंतिम सामन्यात शेवटची चढाई त्यांची होती. डाव्या कोपऱ्यातल्या एका पोराने त्यांचा घोटा धरला. बाबांनी त्याला तसाच फरपटत मधल्या रेषेपर्यंत आणला, हात लांब केला, आणि पंचाची शिट्टी वाजली. बाबा बाद, गाव हरलं. गावाने त्या पंचाच्या सात पिढ्यांचा उद्धार केला, तो अजून चालू आहे. बाबा मात्र पंचाला कधी एक शब्द बोलले नाहीत. "पकड चांगली व्हती," एवढंच म्हणायचे. "दुनियेत तसा खेलाडू न्हाय."

मला याचं हसू यायचं. ज्याने आपल्याला पाडलं त्याला डोंगर म्हणायचं, म्हणजे पडल्याची लाज वाटत नाही, असं माझं निदान होतं. एकदा मी म्हणालेसुद्धा, "बाबा, उद्या पलंगावरून पडलात तर पलंगाला पदक देणार का?" काका आणि मास्तरचाचा खूप हसले. तेवढ्यात काकांना चेव आला आणि ते म्हणाले, "आरं, तसा कोनी पोरगा नव्हताच. तू सोताच घसरलास."

बाबा उठून आत गेले. पुढचे दोन शुक्रवार ते ओटीवर आलेच नाहीत. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. आई म्हणाली, पोटात गडबड आहे. पोटात काही नव्हतं, हे मला कळत होतं. चूक माझी होती. मी फार वाकडी बोलते, आणि बोलून झाल्यावर मला वाईट वाटतं. हा क्रम मला आजवर उलटा करता आलेला नाही.

त्याच महिन्यात आमच्या घरी धाकट्या दिराची हळद होती. नवऱ्याचे मामा खाडीपलीकडून आले होते. मी त्यांना मटण वाढत होते. त्यांच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे, हे मी आठ वर्षं बघत होते, पण विचारलं त्या दिवशी.

"कबड्डीत मोडली," मामा म्हणाले. "तुमच्या राहनालचा एक पोरगा व्हता. त्याचा घोटा धरला, तं मनाच वढीत नेला त्यानं."

माझ्या हातातली पळी पातेल्यात बुडाली. आठ वर्षं प्रत्येक सणाला मी जगातल्या सर्वांत मोठ्या खेळाडूच्या पाया पडत होते. माझ्या लग्नात बाबांनी याच माणसाला मानाची टॉवेल-टोपी दिली होती, आणि मांडवातल्या गर्दीत दोघांनी एकमेकांकडे धड बघितलंही नव्हतं.

तो पोरगा म्हणजे माझे बाबा, असं सांगितल्यावर मामांचा घास हातातच राहिला. मग ते हळू आवाजात म्हणाले, "पोरी, तुझा बापूस आऊट नव्हता. त्याची बोटा रेघेच्या पार गेलती. मी बगितली. पंचाला दिसली न्हाईत, आनि मी काय बोललो न्हाय."

मला नाचावंसं वाटलं. तो पोरगा खरंच होता, हे तर दाखवताच येणार होतं, वर बाबांचा चाळीस वर्षांचा डागही पुसून निघणार होता. पुढच्या शुक्रवारी मी मामांना रिक्षात घातलं आणि थेट राहनाळच्या ओटीवर उतरवलं.

बाबांना आतून हाक मारून आणावं लागलं. मामांनी करंगळी पुढे केली. बाबांनी ती बघितली, मामांचं तोंड बघितलं, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की मला रडू आलं. "बस, पावनं, बस," म्हणत त्यांनी स्वतःची खुर्ची दिली. काका खाली बघून पायाचा अंगठा निरखत राहिले.

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मी म्हणाले, "बाबा, तुम्ही बाद नव्हताच! मामांनी स्वतः बघितलंय!"

मामांनी हात जोडले आणि सगळं सांगितलं. बाबांचा चेहरा मावळत गेला.

"मी आऊट व्हतो," बाबा म्हणाले.

"नव्हतात व्याही. माझ्या डोल्यासमोर तुमचा हात—"

"मी सांगतंय ना, व्हतो! हात गेला आसंल पार. पन त्याच्या आधी माझा दम तुटला व्हता. कबड्डीतला 'क' निंगाला, पुढचा निंगालाच न्हाय. मैदानात एवढा कल्ला, कोनाला ऐकू गेला न्हाय, पन मना गेला. तुमी घोटा असा पिललात का दम तुटला. माझा दम त्याच्याआधी कोनी तोडला नव्हता."

काका म्हणाले, "म्हंजे आमी त्या पंचाला येवढी वर्षा फुकट शिव्या दिल्या?"

बाबा उत्तराला थांबले नाहीत. ते आणि मामा हातघाईवर आले होते. मामा म्हणत होते, पकड सुटली. बाबा म्हणत होते, पकड बसली. मास्तरचाचांनी दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "अजीब बात है. दोनों बोल रहे हैं, मैं हारा. तो फिर जीता कौन?"

"दाखवतंय," म्हणून बाबा उठले. आईच्या रांगोळीचा डबा घेऊन त्यांनी ओटीवर रेघ मारली, लुंगी वर खोचली आणि पाय पुढे केला. आई दारातून ओरडली, "कोनाचा हाड मोडला तं विहीन मना काय बोलंल?" मामा गुडघ्यांचा आवाज करत खाली बसले आणि त्यांनी घोटा धरला.

बाबा "कबड्डी, कबड्डी" करत रेघेकडे झुकले. मामांनी हळूच हात सैल केला. बाबांची बोटं रेघेपार गेली.

"सोडलास!" बाबा कडाडले. व्याह्यांचा मान कुठल्या कुठे गेला. "सोडलास का रं? नीट धर!"

दुसऱ्यांदा मामांनी नीट धरला. वाकड्या करंगळीसकट पाचही बोटं आवळली, दात आवळले. बाबा ओणवे झाले, आडवे झाले, हात ताणला. तिसऱ्या कबड्डीला आवाज चिरकला आणि चौथीचा नुसता 'क' निघाला. रेघ अजून वीतभर लांब होती.

"आऊट!" बाबा ओरडले. बाद झाल्यावर इतका आनंदलेला माणूस मी दुसरा बघितला नाही.

मी उठवायला पुढे झाले, तर त्यांनी माझा हात झटकला. धापा टाकत, पाय मामांच्या हातात तसाच ठेवून, ते जमिनीवरूनच काकांकडे वळले. "आता बोल. नव्हता कोनी?"