धरणाच्या तळातून ओ कोण देतं?

पुण्याहून निघताना यंत्र घेतलं, लॅपटॉप घेतला, पोळीभाजीचा डबा घेतला, आणि सगळ्यात जड वस्तू, दोरीला बांधायचं शिशाचं वजन, तेवढी घरी विसरले. जड वस्तू विसरायलाही अक्कल लागते.

माझं काम सांगितलं की लोक हळूच विषय बदलतात. मी समुद्राच्या तळाशी बोलते. पाण्यात ‘टक्’ असा आवाज सोडायचा आणि तळ काय ओ देतो ते ऐकायचं. खडक असला तर ओ खणखणीत येते. मऊ गाळ असला तर आवाज आत शिरतो, खालच्या थरावर आपटतो आणि उशिरा, दबकत परततो. हे नवं यंत्र लवकरच जहाजावर चढणार होतं. त्याआधी शांत पाण्यात त्याची परीक्षा घ्यायची म्हणून मी येडगावचं धरण निवडलं. वाटेत नारायणगावची मिसळ लागते, हे कारण मी अहवालात लिहिलेलं नाही.

येडगाव जुन्नर तालुक्यात. मी मात्र परवानगीचा कागद घेऊन ऐटीत उतरले घोडेगावला, म्हणजे शेजारच्या आंबेगाव तालुक्याच्या कचेरीत. खिडकीतल्या गृहस्थांनी कागद उलटसुलट पाहिला. “मॅडम, पाणी तिकडं, मंग शिक्का इकडं कसा मिळंल?” मागे रांगेतले सगळे हसले. मीही हसले, दुसरं करणार काय! मंचरला परत येऊन नारायणगावची एसटी पकडली. परवानगी दुसऱ्या दिवशी योग्य खिडकीतून मिळाली.

वजनासाठी नारायणगावच्या बाजारात एका किराणा दुकानात शिरले. दुकानदार मूळचे राजस्थानातले जैन, पण मराठी माझ्यापेक्षा ठसकेबाज. आता काटा विजेवर चालतो, त्यामुळे जुनी लोखंडी मापं फळीखाली धूळ खात होती. त्यातलं पाच किलोचं माप त्यांनी काढून दिलं. “आजोबांच्या वेळचं आहे, ताई. विकायचं नाही. वापरा आणि परत आणा. आणि धुऊन आणा हां!”

येडगावात पाण्याकाठच्या बहुतेक शेतकऱ्यांकडे होडी असते. पाणी ओसरलं की मोटारीचा पाईप पुढे सरकवावा लागतो, म्हणून. मी पहिल्याच घरी होडी मागितली. घर म्हस्कूअण्णांचं. पांढऱ्या मिशा, डोक्यावर लाल पागोटं, दावणीला अजून वीसेक मेंढरं. ओसरीवर त्यांची थोरली बहीण, सोनाआक्का, पुरणासाठी डाळ निवडत होती.

“आवाजानं तळ कळतो म्हणता?” आक्कानं विचारलं. “मंग आमचा देव कुठं बसलाय त्ये सांगा.”

मग सगळी हकिकत कळली. धरण व्हायच्या आधी नदीकाठी यांच्या मेंढ्यांचा वाडा (रात्री मेंढरं कोंडायची जागा) बसायचा. तिथे बिरोबाचा शेंदरी दगड होता. पाणी अचानक चढलं आणि देव खाली राहिला. तेव्हापासून दरवर्षी होडीतून त्या जागी जायचं, भंडारा (हळदीची पूड) उधळायचा आणि पाटीभर पुरणपोळ्या, नारळ, हार-पानं पाण्यात सोडायची. भानगड एवढीच की जागा कुठली, यावर म्हस्कूअण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ बिरूतात्या यांचं जमेना. एकाचं म्हणणं, चिंच आणि पलीकडचं देऊळ एका रेषेत आलं की खाली देव. दुसऱ्याचं म्हणणं, बाभळ आणि पंपहाऊस. आता पंपहाऊस धरणानंतर बांधलेलं, पण हे तात्यांना सांगायचं कोणी? भांडण पेटलं, बोलणं बंद झालं. दोन होड्या, दोन चुली, दोन नैवेद्य.

“आन् मी येक,” आक्का म्हणाली. “सकाळी ह्येच्या होडीत चढायचं, दुपारी त्येच्या. गुडघं गेलं माजं. उद्याच नैवेद हाय. ह्या दोगांला येका होडीत बगितलं की मी मरायला मोकळी.” हे बोलताना तिचे डोळे भरले, पण हात डाळ निवडतच होते.

मला राहवलं नाही. म्हटलं, चला. म्हस्कूअण्णा आपल्या होडीत, आक्का आणि मी त्यांच्याबरोबर. आक्कानं निरोप धाडला म्हणून बिरूतात्याही आले, पण स्वतःच्या होडीत, हाकेच्या अंतरावर, पाठ करून.

चिंच आणि देऊळ जुळलं. मी आवाज सोडला. पडद्यावर अशी दणदणीत ओ आली की माझ्याच तोंडून निघालं, “अगंबाई, दगड!”

“बिरोबाच्या नावानं चांगभलं!” अण्णांनी होडीत नाचायचंच बाकी ठेवलं. “आईक रं!” हे त्यांनी भावाला नाही, पाण्याला उद्देशून सांगितलं.

तात्यांनी तोंड न वळवता आक्काला सांगितलं, “मॅडमला म्हनावं, हिकडं बी घाला की मशीन.” बाभळीच्या रेषेत गेलो. तिथेही तशीच ओ, उलट जरा जास्तच. आता तात्यांनी चांगभलं केलं. आली का पंचाईत! भांडण मिटवायला आले आणि दोघांनाही पुरावा देऊन बसले.

“दोन दोन देव?” आक्का माझ्याकडे रोखून बघत म्हणाली. “मशीन नीट हाय नव्हं?”

 यंत्रच खोटं बोलत असेल तर जहाजावर कशाच्या जोरावर जायचं? मी पडद्यावरची लाट मोठी करून पाहिली आणि कपाळावर हात मारला. दोन्ही ओ उलट्या होत्या. दगडावरून आवाज जसा जातो तसाच परततो. इथे चढाच्या जागी उतार आला होता. असं हवेवरून होतं. गाळात काही कुजलं की वायूचे बुडबुडे अडकतात, आणि त्यांच्यावरून आवाज खडकापेक्षाही जोरात परततो. त्यांच्याखाली काय आहे ते मुळीच ऐकू येत नाही.

शेठजींचं माप दोरीला बांधून सोडलं. दगडावर आपटलं असतं तर हाताला ठक्क कळलं असतं. ते लोण्यात जावं तसं गेलं. मी खसकन ओढलं आणि बुडबुडबुड करत असा काही वास वर आला की तात्यांनी नाकाला उपरणं लावलं.

“हा देव नाही,” मी म्हटलं. “हा नैवेद्य आहे. धरणाच्या गाळात वायू असतोच, त्यात तुम्ही इतकी वर्षं दोन्ही जागी पाट्याच्या पाट्या ओतल्यात. तुमच्याच पुरणपोळ्या ओ देतायत!”

 मग आक्का अशी हसली की होडी हलायला लागली. “लई ग्वाड पोळ्या केल्या व्हत्या गं बाई मी! माशांनी बी उष्टावल्या न्हाईत व्हय?” दोघे भाऊ आपापल्या होडीत मान खाली घालून बसले.

“मधी बगा,” आक्का डोळे पुसत म्हणाली. “दोगंबी आपापल्या शेताकडं वढत्यात. ल्हानपनापास्नं तसंच.”

मध्ये गेलो. टक्. आधी मऊ गाळाची हलकी ओ आली आणि मागोमाग, खोलातून, दुसरी. बारीक, पण ठाम. आणि सुलटी. मी तीनतीनदा पाहिलं. खाली दगड होता.

खोटं बोलायचा मोह झाला, नाही असं नाही. पण मी सांगून टाकलं, “आक्का, कठीण काहीतरी आहे हे नक्की. पण नदीचा नुसता खडकही असेल. देवाचाच दगड, असं मी छातीठोक सांगू शकत नाही.”

आक्कानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “आवं, त्यो बी नदीतलाच धोंडा व्हता की. शेंदूर आमी लावला.”

 जरा वेळाने तात्यांची होडी हळूच आमच्या होडीला येऊन टेकली.

दुसऱ्या दिवशी होडी एक, चूल एक. अण्णा वल्हवत होते. तात्या समोर बसून खाणाखुणा जुळवत होते. “डावीकडं घे,” तात्या म्हणाले. “घेतलीया,” अण्णा म्हणाले. इतक्या वर्षांनी दोघांचं एवढंच बोलणं, पण आक्कानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. मलाही भरून आलं. भंडारा उधळला. नैवेद्य मात्र पाण्यात गेला नाही. “देवाला ओ द्याची आसंल तर मधी पोळी नगं,” असं आक्कानं फर्मान काढलं आणि पाटी आमच्यापुढे सरकवली. चौथ्या पोळीनंतर मी मोजणं सोडलं.

परतताना माप तीनदा साबणाने धुऊन शेठजींना दिलं. त्यांनी हुंगलं आणि नाक मुरडलं. “कशात बुडवलंत हो?”

“पुरणात,” मी म्हटलं आणि एसटी पकडली.

यंत्र पास झालं. अहवालात मी लिहिलं: दोन ठिकाणी गाळात वायू, मध्ये, मऊ गाळाखाली, कठीण दगड. जेवढं कळलं तेवढंच. फक्त यंत्राच्या खाचेत थोडा भंडारा अडकला आहे. जहाजावर चढवण्याआधी ते स्वच्छ पुसायचा नियम आहे. मी बाकी सगळं पुसलं.