डांबरापलीकडे, पण पोह्यांच्या अलीकडे

किस्से गोळा करावे लागतात असं ज्यांना वाटतं, त्यांच्या घरी जीप नसते. आमच्या घरी आहे. गाडीतलं पायपुसणं झटकलं की माती पडावी तसे किस्से पडतात. खरं तर आमच्या पायपुसण्यातून माती कधीच पडत नाही, कारण आमची जीप मातीत जातच नाही. किस्से मात्र थांबत नाहीत!

इंदूरमधल्या मराठी मंडळींचा एक ग्रुप आहे. नाव ‘डांबरापलीकडे’. जिथे रस्ता संपतो तिथे आपण सुरू होतो, असं त्यांच्या टी-शर्टवर लिहिलेलं आहे. टी-शर्ट इस्त्रीचे असतात. अध्यक्ष मुजुमदार काका, जुने इंदूरकर. संस्थानात त्यांचे पणजोबा कारकून होते. काका ‘दिवाण’ म्हणतात. दुसरे डॉक्टर सप्रे, तुकोगंजात दातांचा दवाखाना. आणि तिसरा माझा नवरा शिरीष. नाशिकहून पीथमपूरच्या कंपनीत बदली होऊन आला आणि बघता बघता इंदुरी झाला. बाकीची मंडळी येऊन जाऊन असतात. मी सदस्य नाही. मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि रविवारी डबे भरते.

\* \* \*

शिरीषनं गाडी घ्यायची ठरवली तेव्हा घरात महिनाभर इतिहासाचे तास झाले. ही गाडी महायुद्धासाठी जन्माला आली. मग जंगल खात्यात गेली, मग पोलिसांत, मग सरपंचांकडे. खंदक, नदी, वाळवंट, हिला सगळं सारखंच. ‘‘ही गाडी नाही, आई, हा स्वभाव आहे!’’ तो म्हणाला.

सासूबाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. गाडी दारात आल्यावर त्यांनी हळदकुंकू वाहिलं, चाकाखाली लिंबू ठेवलं, दार उघडलं आणि पायरीकडे बघितलं. पायरी त्यांच्या गुडघ्याच्या वर.

‘‘स्वभाव चांगलाय रे,’’ त्या म्हणाल्या, ‘‘पण मी चढू कशी?’’

तेव्हापासून त्या महायुद्धाच्या गाडीत मागे एक निळं प्लास्टिकचं स्टूल असतं. शिरीषनं गाडीला लावलेली पहिली ॲक्सेसरी तीच.

\* \* \*

काकांची जीप मात्र खरी जुनी. त्यांच्या वडिलांनी लष्कराच्या लिलावात घेतलेली. काकांचं सगळं अध्यक्षपद त्या जीपवर उभं आहे, आणि जीप त्यांच्या पोर्चमध्ये उभी आहे. बरीच वर्षं उभीच आहे.

जीपचा इतिहास काका दर बैठकीत सांगतात आणि दर बैठकीत जीप थोडी आणखी फिरून येते. आधी ती नुसती महूच्या छावणीत होती. मग ती ब्रह्मदेशात जाऊन आली. गेल्या संक्रांतीला ती आफ्रिकेच्या वाळवंटातही होती. डॉक्टर सप्रे तिळगूळ चावत म्हणाले, ‘‘काका, मग ही युद्ध जिंकून आली की हरून?’’

‘‘ती लिलावात आली!’’ आतून काकूंचा आवाज आला.

काकू गाणं शिकवतात. शिकायला येणाऱ्या मुली स्वयंपाकघराच्या पॅसेजमध्ये दाटीवाटीनं बसतात, कारण पोर्चमध्ये इतिहास उभा आहे. त्या दिवशी काकूंनी तिळगुळाचं ताट ठेवलं आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं, ‘‘सुनो भई सगळे. हिनं माझ्या घरातलं एक काम करून दाखवायचं. एकच! नाहीतर या दिवाळीच्या सफाईत ही कबाड्याकडे भंगारात जाणार, आणि पोर्चमध्ये माझा क्लास.’’

काका हसले. आम्हीही हसलो. काकू हसल्या नाहीत. काकू दिवाळीच्या सफाईत कशी बाईमाणसं कामाला लावतात आणि काय काय बाहेर काढतात ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. एका दिवाळीला काकांची बंदूक गेली होती. छऱ्यांची होती, पण काका ती ‘शिकारीची’ म्हणत.

\* \* \*

ग्रुपची मोहीम दर रविवारी निघते. दोऱ्या, फावडी, डोक्यावर टोप्या, आणि प्रत्येक गाडीत एक वॉकी-टॉकी. ठरलेलं असतं जानापावचा डोंगर किंवा चोरलच्या बाजूचं रान. पण इंदूरमधून रिकाम्या पोटी बाहेर पडणं हे पाप आहे. म्हणून मोहीम आधी पोह्यांच्या दुकानासमोर थांबते.

एकदा गाड्या ओळीनं उभ्या, आणि मंडळी उतरायला तयार नाहीत. काचा बंद, आत एसी चालू, आणि वॉकी-टॉकीवर ऑर्डर. ‘‘सप्रे टू शिरीष. सेव जास्त सांग. ओव्हर.’’ ‘‘शिरीष टू सप्रे. वरून जिरावण मसाला टाकू का? ओव्हर.’’ दोघांच्या गाड्यांत हातभर अंतर!

पोहेवाल्यानं शेवटी काचेवर टकटक केली. ‘‘भिया, फौज कां जा री हे?’’

‘‘जंगल!’’ शिरीष म्हणाला.

‘‘जंगल में नाश्ता-वाश्ता तो मिलता नी. जलेबी पैक कर दूँ?’’

काका त्या दिवशी आमच्याच गाडीत होते, कारण त्यांची जीप ‘विश्रांती’ घेत होती. त्यांनी घड्याळ बघितलं, ऊन बघितलं, दुसरी प्लेट बघितली आणि म्हणाले, ‘‘रहने दो. इथेच खाऊ, आता कुठं जातोय?’’

\* \* \*

तरीही अधूनमधून मंडळी खरोखर मातीत जातात, हे मला कबूल करायला हवं. पंचाईत परत येताना होते. इंदूरच्या लोकांना आपल्या स्वच्छ रस्त्यांचा केवढा गर्व आहे ते बाहेरच्याला सांगून कळणार नाही. इथे पानवालासुद्धा पिचकारीबद्दल भाषण देतो. मातीनं लडबडलेली गाडी शहरात आणायची कुणाची छाती होत नाही. म्हणून वेशीवरच सगळ्या गाड्या धुऊन घेतात आणि चकचकीत होऊन घरी येतात. मग सोमवारी त्यांचा पराक्रम कोण मानणार?

डॉक्टर सप्र्यांनी यावर उपाय काढला. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात रानातली माती घेऊन आले. सोमवारी दवाखान्यासमोर गाडी लावली, मातीत पाणी कालवलं आणि दाराखाली, चाकांवर ब्रशनं छान शिंतोडे काढले. माणूस दातांचा डॉक्टर, हात सफाईचा. रंगकाम इतकं जमलं की पाहणाऱ्याला वाटावं, गाडी आत्ताच नदीतून आली.

तेवढ्यात अपॉइंटमेंटचे जैनजी आले. गाडी बघितली, डॉक्टरांच्या हातातला ब्रश बघितला आणि पायरीवरूनच मागे फिरले.

‘‘अरे जैनजी, कां चले?’’

‘‘डॉक्टर साब, जिससे अपनी गाड़ी साफ नी होती, वो मेरे दाँत क्या साफ करेगा!’’

\* \* \*

आमच्या शिरीषचा स्वतंत्र मान आहे. अशा गाडीत एक दांडा असतो. तो ओढला की चारही चाकं जोर लावतात. या दांड्यासाठीच लोक एवढे पैसे मोजतात. शिरीष घरी आलेल्या प्रत्येक पाहुण्याला तो दांडा दाखवतो. हात लावू देत नाही.

एका श्रावणात चोरलच्या बाजूला आमची गाडी चिखलात रुतली. शिरीष ॲक्सिलरेटर दाबतोय, चाक गरागरा फिरतंय, आणि चिखल सप्र्यांच्या इस्त्रीच्या टी-शर्टवर. शेजारून एक दूधवाली बाई मोपेडला दोन कॅन लटकवून त्याच चिखलातून निघून गेली. तिनं आमच्याकडे वळूनही पाहिलं नाही. मला ते फार लागलं.

सप्रे चिखल पुसत ओरडले, ‘‘शिऱ्या, चारही चाकं लाव ना! दांडा ओढ!’’

शिरीषनं दांडा हातानं झाकून धरला. ‘‘वेड लागलंय का? नवा आहे अजून! चिखलात घालून खराब करू?’’

ट्रॅक्टर बोलवावा लागला. जाताना ट्रॅक्टरवाल्यानं विचारलं, ‘‘साब, ये गाड़ी किस काम आती हे?’’ हाच प्रश्न मी घरी विचारला असता तर चार दिवस अबोला झाला असता.

\* \* \*

आणि मग आली काकूंच्या शिष्यांची सकाळची मैफल. नवरात्राच्या आधीचा रविवार, हॉल तुकोगंजात. हार्मोनियम, तबला आणि काकू, एवढं हॉलवर पोचवायचं. काका आदल्या रविवारीच जाहीर करून बसले, ‘‘जीप नेणार!’’ दिवाळी तोंडावर आलेली, आणि काकूंनी कबाड्याचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला. काका आठवडाभर जीपच्या पोटाखाली झोपून होते. एकदा मी वाटीत भाजी द्यायला गेले तर पोटाखालूनच म्हणाले, ‘‘बाबांनी मला हिच्यावरच चालवायला शिकवलं गं.’’ नेहमीचा ब्रह्मदेश नाही, आफ्रिका नाही. एवढंच म्हणाले.

सकाळी जीप चालू झाली! खोकली, थरथरली, पण चालू झाली. आम्ही टाळ्या वाजवल्या. काकू पुढे बसल्या, मागे हार्मोनियम, तबला आणि तबला वाजवणारी मुलगी. मानवंदना म्हणून मागे सप्र्यांची आणि आमची गाडी.

गल्लीच्या तोंडाशी पाइपलाइनसाठी चर खणलेला होता. त्याच्या बाजूनं चांगला रुंद रस्ता मोकळा होता. रोज स्कूलबस जाते तिथून. शिरीषनं काच खाली केली आणि ओरडला, ‘‘काका, बाजूनं घ्या!’’

काकांनी मान वळवून आमच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर संस्थान!

‘‘बाजूनं जायचं तर जीप कशाला?’’

आणि पुढचं चाक सरळ चरात. काकू एका हातानं दांडी आणि दुसऱ्या हातानं पदर धरून तिरक्या बसलेल्या. मागे हार्मोनियम घसरली. काका चरात उतरले, गुडघ्यापर्यंत गारा.

आता आमच्या शूरांची पाळी. सप्र्यांच्या गाडीला पुढे गाडी ओढायचं विजेवर चालणारं यंत्र आहे, त्याचं प्लास्टिकसुद्धा काढलेलं नव्हतं. रिमोटमध्ये सेल नव्हते. शिरीष म्हणाला, ‘‘माझा हूक क्रोमचा आहे, ओरखडा पडेल.’’ मी त्याच्याकडे नुसतं बघितलं. काकूंनीही बघितलं. एक ई-रिक्षा थांबवून त्यांनी वाद्यं आणि तबलजी मुलगी पुढे पाठवली. स्वतः मात्र गेल्या नाहीत, गल्लीतच उभ्या राहिल्या.

इतक्यात गाणं वाजवत कचरा गाडी आली. गल्लीतल्या बायका सवयीनं बादल्या घेऊन बाहेर आल्या. एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात सुका, आणि समोर हा देखावा. गाडीवाला पप्पू भिया हसला नाही. त्यानं सप्र्यांची कोरी दोरी मागून घेतली, जीपला बांधली, बायकांना बादल्या ठेवायला लावून मागून ढकलायला लावलं, आणि गाणं चालू ठेवूनच जीप बाहेर ओढली. तशीच ओढत काकांच्या पोर्चपर्यंत आणली. मागून ‘डांबरापलीकडे’ची वरात.

मागोमाग गल्लीतल्या बायकाही आल्या. काका चिखलाच्या पायांनी जीपपाशी उभे, बॉनेटवर हात. हात काढत नव्हते. एवढे दिवस यांची थट्टा केली, पण त्या वेळी मला त्यांच्याकडे बघवेना.

पप्पू भियानं दोरी सोडली, गुंडाळली, आणि रोजच्या सवयीनं काकूंना विचारलं, ‘‘काकीजी, इसको गीले में लूँ कि सूखे में?’’

बायका खो खो हसत सुटल्या. शिरीष हसला, सप्रे हसले. काका हसले नाहीत. त्यांनी काकूंकडे बघितलं.

काकूंनी जीपकडे बघितलं, बॉनेटवरच्या त्या हाताकडे बघितलं, पायांकडे बघितलं. मग घड्याळाकडे. मैफलीला उशीर झाला होता.

‘‘आज नी, भिया,’’ त्या म्हणाल्या. ‘‘कल देखेंगे.’’

दिवाळी होऊन गेली. होळीही झाली. क्लास अजून पॅसेजमध्येच भरतो. रोज सकाळी गाणं वाजवत कचरा गाडी येते, काकू दोन बादल्या घेऊन फाटकात येतात, आणि पप्पू भिया पोर्चकडे हनुवटी करून विचारतो, ‘‘काकीजी, आज दे रे हो?’’

‘‘कल!’’