फुटलेलं हेड आणि डोमाजी

पन्नासच्या दशकात आमच्या इंजिनिअर कंपनीची एक तुकडी पूरकामासाठी सिरोंचाला पाठवली. मी हवालदार, ट्रेड मेकॅनिक. सोबत लढाईच्या काळातली एक वेगवान बोट. तिच्या इंजिनाला सुपरचार्जर होता, म्हणजे सिलिंडरमध्ये जास्तीची हवा कोंबणारा पंखा. त्यानं जोर भरपूर मिळतो, पण सगळा मार बसतो सिलिंडर हेडवर. हेड म्हणजे इंजिनाचं झाकण. आतून आग, बाहेरून नदीचं पाणी. पाणी कमी पडलं की झाकण तडकतं. हे मी ज्याला त्याला सांगून दमलो होतो.

बोट चालवायचा लान्स नायक डोमाजी. गडी नागभीडकडचा, म्हणजे माझ्याच मुलखातला, मासेमारी करणाऱ्या ढिवराच्या घरचा. परेडवर मला हवालदार साब म्हणायचा, चहाला बसलो की भाऊ. इंजिनावर मी सारखा हात ठेवून बघतो म्हणून चिडवायचा, "भाऊ, ताप आला का जी तिले?" मला हसू यायचं नाही. पाऊस थांबत नव्हता, प्राणहिता नदी चढत होती आणि राखीव म्हणून मागवलेलं दुसरं हेड नागपूरहून निघालंय एवढंच रोज ऐकू येत होतं. रस्ताच वाहून गेलेला, तर ते येणार कुठून? माझं जेवणात लक्ष नव्हतं.

मग वरच्या अंगाचं एक गाव पाण्यानं वेढलं. लोक देवळाच्या टेकाडावर चढले. दोन खेपा नीट झाल्या. तिसऱ्या खेपेला डोमाजीनं मधली धार टाळली आणि बोट काठाकाठानं वर घेतली. डोंगा वल्हवणारा माणूस असाच जातो, कारण काठाला ओढ कमी असते. बापाच्या हाताखाली तो हेच शिकलेला. पण पुरात काठच्या पाण्यात धानाचा पेंढा, चिखल, पाला. डोंग्याला त्याचं काय? आमच्या इंजिनाचं पाणी बोटीच्या बाजूच्या जाळीतून आत यायचं, ती जाळी पेंढ्यानं बुजली. मी ओरडेपर्यंत हेडमधून वाफ निघाली होती. जेमतेम माघारी आलो.

झाकण खोललं. दोन व्हॉल्व्हच्या मधे चीर. डोमाजी शेजारी उभा, तोंड काळंठिक्कर पडलेलं. मी त्याला नको नको ते बोललो.

वायरलेसवर टेकाडाजवळच्या चौकीचा आवाज आला, "पानी मंदिर की सीढ़ी पर. बच्चे हैं. जल्दी. ओव्हर."

मी चिरेच्या दोन्ही टोकांना भोकं पाडली, आटे कापले आणि तांब्याचे स्क्रू पिळून बसवले. अशानं चीर पुढं सरकत नाही, निदान लगेच तरी नाही. कॅप्टन साहेब डोक्यावर उभे.

"चलेगा?"

"एक खेप, साहब. पानी मिलता रहा तो."

जोर कमी ठेवला असता तर हेड टिकलं असतं, पण त्या धारेपुढं बोट जागची हलली नसती. पूर्ण जोर द्यायचा तर जाळी मोकळी राहायलाच हवी होती. डोमाजीनं चाक साहेबांच्या हाती दिलं, कमरेला दोर बांधला आणि कडेला पालथा पडला. हात खांद्यापर्यंत पाण्यात.

"तुमी इंजिन पाहा भाऊ. जाळी मी पाह्यतो."

बोट धारेच्या मधून निघाली. तो मुठीमुठीनं पेंढा उपसत होता. माझा हात हेडजवळ, जीव टांगणीला. टेकाड दिसायला लागलं, बायका पदर हलवत होत्या, आणि साहेब ओरडले. एक ओंडका बाजूनं आला. त्यांनी चाक वळवलं, पण तो डोमाजीच्या डोक्याला लागलाच. मी दोर ओढून त्याला आत घेतला. श्वास चालू होता.

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. मी म्हणालो, "रुकना मत." मग मी त्याच्या जागी पालथा पडलो आणि जाळीला हात घातला.

टेकाडावरचे सगळे आणले. हेड टिकलं. डोमाजीनं परतीच्या वाटेवर प्राण सोडला. एका म्हातारीनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी जाळीशी होतो, मला कळलंही नाही. याचं दुःख मला अजून आहे.

पुढं सुट्टी मिळाल्यावर त्याच्या गावी गेलो. बाप तलावाच्या पाळीवर जाळं विणत बसला होता. मी सगळं सांगितलं. त्यानं मान खालीच ठेवली.

"त्याच्या पोटात पानी होतं का?"

"नाही बाबा. ओंडका लागला. बोटीत घेतला तेव्हा श्वास चालू होता."

"गावात म्हनून राह्यले, ढिवराचा पोरगा असून बुडून मेला. मले कोनी तोंडावर बोलत नाई, पन मले समजते." त्यानं जाळं बाजूला ठेवलं. "तू साक्षीदार आहेस. मंग चाल, सांग त्याह्यले."

तो मला पाळीवरून ढिवरांच्या मोहल्ल्यात घेऊन गेला. माणसं जमली. मी युनिफॉर्ममध्ये होतो, सावधान उभा राहिलो आणि सांगितलं. त्यानंतर जिथं जिथं त्याचं नाव निघालं, तिथं तिथं सांगत आलो. तुम्हालाही सांगतो. लान्स नायक डोमाजी बुडाला नाही.