दाजींची पारख

"हालू नका सर," म्हणत सचिनने माझ्या डोळ्याची खालची पापणी ओढली, आतला रंग पाहिला आणि अकरावीच्या वर्गाला सांगितलं, "सरांना न्हाई एड्स."

वर्ग हसला. मंडळी, आज मी त्यांना एचआयव्हीविषयी शिकवत होतो. सचिनचे वडील घोडेगावच्या बाजारात बैलांची दलाली करतात. डोळा, कातडी, चाल बघून रोग ओळखायला तो त्यांच्याकडून शिकला आहे.

मी सांगितलं, की लागण झालेला माणूस कित्येक वर्षं धडधाकट दिसू शकतो. रक्त तपासल्याशिवाय कळत नाही.

"तुमच्या लग्नात तुमचं तपासलं हुतं का?" मागून एकाने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तास संपल्यावर सचिन एकटाच थांबला. उद्या त्याच्या बहिणीची सुपारी फुटायची आहे. मुलगा ट्रक चालवतो.

"दाजींचा गाडीवरचा जोडीदार याच रोगानं गेला," तो हळू आवाजात म्हणाला. "दोघं संगंच बायांकडं जायाचे. पन तो पार वाळला हुता. दाजी पैलवान हायेत. मी नीट बघितलंय."

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो.

"मास्तर, रक्त मागितलं तर सोयरीक मोडंल," वडील म्हणाले. "मंग पोरीला कोन करील?"

चहा घेऊन आलेली बहीण माझ्या उत्तरासाठी थांबली. मी चहाचा कप घेतला. तुम्ही काय सांगितलं असतं?

एवढं रात्री लिहिलं होतं. आज सकाळी सुपारी फुटली. मला टॉवेल-टोपी दिली. मी घेतली.