मेंढीच्या पोटातला हात

सहा वर्षांत उर्गेला गावात कोणी 'नगेसोची आई' म्हणून हाक मारली नव्हती. पाणवठ्यावर गायींवरून भांडण झालं, नगेसोनं शुबेच्या धाकट्या मुलाला, बेरिसोला, भाल्यानं ठार मारलं आणि गाव सोडून पळाला. तेव्हापासून उर्गे शुबेच्या दारावरून जात नसे. मोठा वळसा घालून घर गाठायची.

म्हातारे पंच दरवर्षी हातात हिरवं गवत घेऊन शुबेकडे समेट मागायला जायचे आणि हात हलवत परत यायचे. यंदा उर्गेनं बायका गोळा केल्या. लग्नात आईनं दिलेली काठी, सिंके, घेऊन सतरा जणी शुबेच्या दारात बसल्या. सिंकेवाल्या बाईला विन्मुख पाठवणं म्हणजे शाप ओढवून घेणं. शुबेला हे कोणी सांगायला नको होतं, तिचीही सिंके घरात उभी होती. तिसऱ्या दिवशी ती बाहेर आली.

"होऊ दे समेट," ती म्हणाली. "पण त्यानं स्वतः यायचं. आईला पुढं करून भागायचं नाही."

रीतच तशी होती. मेंढी कापायची, पोटाला आरपार भोक पाडायचं. एकीकडून मारणाऱ्यानं हात घालायचा, दुसरीकडून मेलेल्याच्या भावानं, आणि आत एकमेकांचा हात धरायचा. मग वैर संपलं.

नगेसो अदामा शहरात बजाज रिक्षा चालवायचा. उर्गेनं शेजारणीच्या फोनवरून त्याला विचारलं, "नक्की येशील ना रे? अख्खं गाव जमणार आहे."

"येतो म्हटलं ना, आई."

ठरल्या दिवशी उंबराखाली सगळे जमले. बेरिसोचा भाऊ हिर्पो बाही वर सारून बसला होता. दुपार कलली तरी नगेसोचा पत्ता नाही. उर्गेनं फोन लावला.

"मला नाही जमणार," तो म्हणाला. "इथं बायको आहे, पोर आहे. गावात मला काय झालं तर? आणि हे सगळं म्हाताऱ्यांचं खूळ. तू मागितलीस ना माफी? झालं की."

"झालं कसं? हात तुझा लागतो."

फोन बंद झाला होता. एवढा धट्टाकट्टा बाप्या, आणि सतरा बायकांनी तीन दिवस उन्हात बसून मिळवलेलं त्यानं असं घालवलं.

"थांबू अजून जरा," पंचांतले सगळ्यांत म्हातारे तुफा आबा म्हणाले. सगळे थांबले. नव्वदीच्या माणसाला नाही कोण म्हणणार? शेवटी हिर्पोनं बाही खाली ओढली आणि तो उठून गेला. कोणीतरी मेंढीची दोरी सोडली.

"आता परत समेट मागता नाही येणार, पोरी," आबा उर्गेला म्हणाले.

उर्गे शुबेच्या पायाशी बसली. "मला शिव्या तरी दे गं."

शुबे काठी घेऊन उभी राहिली. "तुला कशाला देऊ? माझा येणारच नव्हता, नगेसोच्या आई. तुझा येऊ शकत होता."

मग ती काठी टेकत घराकडे चालू लागली. उर्गेचं घरही त्याच वाटेवर होतं. ती उठली आणि वळशाच्या वाटेला लागली.