मौलवीसाहेबांची शेवटची तख्ती

कोणाच्या अंगणात झाडाच्या बुडाशी पांढरी माती दिसली की ती चौकशी मला आजही जशीच्या तशी आठवते.

मी होमगार्डमध्ये होते. त्या वेळी चौथी पास बाईला घेत असत. ठाण्यातली एकुलती महिला शिपाई रजेवर असली आणि बाईचा जबाब घ्यायचा असला की मला बोलावणे येई. विचारायचे साहेबांनी, लिहायचे जमादारांनी, मी नुसते सोबत बसायचे. इथे मी कोणाचे नाव लिहिणार नाही. गाव माझ्या माहेरचे, रोहिणखेडच्या पुढे फाट्यावरून आत जावे लागते, एवढेच सांगते.

इंग्रजांच्या काळात तिथे एक मौलवीसाहेब होते. बाहेरच्या मोठ्या मदरशात शिकून आलेले, अरबी-फारसीचे जाणकार. मशिदीला लागून असलेल्या खोलीत ते पोरांना शिकवत, हिंदूंच्या आणि मुसलमानांच्याही. शिकवता शिकवता ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले. त्यांचे निरोप कागदावर कधी जात नसत. पोराच्या तख्तीवर धड्यासारखा निरोप लिहायचा आणि पोराला पुढच्या गावी धाडायचे. तख्ती म्हणजे लाकडी पाटी. तिला पांढरी माती सारवतात आणि बरूच्या लेखणीने लिहितात. वाटेत पोलीस दिसले की पोरगा नदीवर जाऊन तख्ती धुऊन टाकी. धडा पाठ झाला की तख्ती धुतातच, त्यामुळे कोणाला संशय येत नसे.

पुढे कोणीतरी ही युक्ती पोलिसांना सांगितली. मौलवीसाहेब पकडले गेले. साथीदारांची नावे काढण्यासाठी त्यांच्या उजव्या हाताची बोटे मोडली, पण एकही नाव त्यांनी दिले नाही. सुटून आल्यावर पुन्हा त्याच खोलीत शिकवू लागले. म्हातारपणी त्यांनी मलाही अक्षर गिरवायला शिकवले. बरू दोन वाकड्या बोटांत धरत, तरी अक्षर बघत राहावे असे.

ते गेले तेव्हा फडक्यात गुंडाळलेली एक तख्ती खोलीतल्या कपाटात राहिली. उघडू नका, असे ते सांगून गेले होते आणि कोणी उघडली नाही. बऱ्याच वर्षांनी गावच्या समितीने ठरवले की पंधरा ऑगस्टला ती सर्वांसमोर उघडायची आणि काचेच्या पेटीत ठेवायची. आठ दिवस आधी कपाट उघडले तर तख्ती नाही.

समितीचे अध्यक्ष वीस-पंचवीस माणसे घेऊन ठाण्यात आले.

"साहेब, गावची इज्जत चोरीले गेली! माह्या आजानं मौलवीसाहेबाच्या खांद्याले खांदा लावून काम केलं होतं. मी सोडनार नाई."

"कुलूप तोडलंय का?" साहेबांनी विचारले.

"नाई ना! म्हनून तं म्हन्तो, घरचाच चोर हाय."

किल्ल्या दोन. एक अध्यक्षांकडे, दुसरी मशिदीत झाडलोट करणाऱ्या खादिमाकडे. दुपारी फाट्यावरच्या चहावाल्याने जमादारांच्या कानावर घातले की सकाळी खादिम काखेत फळीसारखे काही घेऊन जाताना दिसला होता. दुसऱ्या दिवशी सकाळीच त्याला ठाण्यात आणून उभे केले.

"काऊन बे, तोंडात गुळनी धरली काय?" जमादार ओरडले.

"मी चोरी नाई केली, जमादारसाहेब."

"मंग कोनं केली?"

"चोरी कोनंच नाई केली."

त्यापुढे तो बोलेना. संध्याकाळपर्यंत काही निघाले नाही तर गुन्हा दाखल करून त्याला अटक दाखवायची, असे ठरले. त्याची बायको भाकरीचा डबा मांडीवर घेऊन ठाण्याच्या पायरीवर बसून होती.

मौलवीसाहेबांची लेक एकटीच राहत असे. वय ऐंशीच्या घरात, सारे गाव तिला आपा म्हणे. वारस म्हणून तिचा जबाब हवा होता. बाईचा जबाब तिच्या घरीच घ्यायचा असतो, म्हणून आम्ही गेलो. "मले काई मालूम नाई," एवढेच ती म्हणाली आणि चहा ठेवला. कप विसळायला मी अंगणात गेले. तिथे डाळिंबाचे झाड होते. त्याच्या बुडाशी पांढऱ्या मातीचे ओले कडे होते.

मी तिथेच थांबले. तख्तीचे पाणी गटारीत टाकलेले मौलवीसाहेबांना चालत नसे. अक्षराचे पाणी आहे, झाडाला घाला, म्हणत.

आत साहेब उठलेच होते. आजवर मी त्यांच्यापुढे आपण होऊन बोलले नव्हते. कसेबसे म्हणाले, "साहेब, दोन मिन्टं मले आपापाशी बसू द्या."

साहेब आणि जमादार बाहेर गेले.

"आपा, तख्ती तुमी धुतली ना?"

"कोनं सांगतलं?"

"डाळिंबानं."

ती हसली आणि लगेच डोळ्याला पदर लावला. "अब्बानं तुले शिकवलं, अन् तू पोलीस होऊन त्यायचंच घर धुंडाळून राह्यली!"

"आपा, खादिमचाचा सकाळपासून उभा हाय. संध्याकाळी त्याले आत टाकतील."

"मंग सांगत काऊन नाई तो?"

"तुमचं नाव कसं घेईन तो?"

मग तिने सांगितले. फितूर कोण झाला होता ते मौलवीसाहेबांना तुरुंगात कळले होते. सुटून आल्या दिवशी त्यांनी मोडक्या बोटांनी सारी हकीकत त्या माणसाच्या नावासकट तख्तीवर लिहिली. सकाळी ती चावडीवर टांगायची होती. सकाळी त्याच माणसाचा मुलगा कोरी तख्ती घेऊन शिकायला समोर बसला. मौलवीसाहेबांनी आपली तख्ती फडक्यात गुंडाळली आणि त्याला पहिले अक्षर घालून दिले.

"मरताना म्हनाले, माह्यानं धुवल्या नाई गेली बेटी, तू धू," आपा म्हणाली. "पन त्यायच्या हातचं अक्षर व्हतं ते. माह्यानंबी नाई धुवल्या गेलं. आता लोकायसमोर उघडून राह्यले, तवा खादिमाले सांगून तख्ती मांगवली अन् धुतलं."

त्या मुलाचा मुलगा म्हणजे आजचे अध्यक्ष. आजोबांच्या अभिमानाने तक्रार करायला आलेले तेच.

मी साहेबांना सारे सांगितले, फक्त नाव सोडून. त्यांनी विचारलेही नाही. ते म्हणाले, "जमादार, बापाची वस्तू लेकीनं घेतली, यात चोरी कुठं आहे?" स्टेशन डायरीला नोंद झाली की वस्तू वारसाकडे मिळून आली. खादिम घरी गेला. डबा त्याने पायरीवरच बसून खाल्ला.

पंधरा ऑगस्टला आपाने नवी माती सारवलेली कोरी तख्ती स्वतः आणून दिली. अध्यक्षांचा चेहरा पडला. "आपा, धुऊन काऊन टाकली? होतं काय त्याच्यावर?"

"सबक होता, बेटा. याद झाला म्हनून धुतला."

त्यांनी हार घातला आणि तख्ती पेटीत ठेवली.

चौकशीत माणूस गप्प बसला की तो स्वतःला वाचवतो, असे आम्ही ठाण्यात धरूनच चालत असू. कित्येकदा ते खरेही असे. पण तेव्हापासून, समोरचा गप्प बसला की हा कोणाला वाचवत असेल, हे मी आधी मनाशी विचारू लागले.

माहेरी गेले की अध्यक्ष अजूनही एसटीच्या थांब्यावर भेटतात. "आत्या, तुमी तं मौलवीसाहेबाच्या हाताखालच्या. काय असंन हो त्या तख्तीवर?"

"मी चौथी शिकलेली, बाबू," मी म्हणते. "मले काय वाचता येते?"