शिमग्यातला कटओव्हर

रेंजच्या काड्या पूर्ण भरलेल्या आणि साधं मेल उघडत नव्हतं.

मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिस पुण्यात, मी पावसजवळच्या आमच्या गावात. लॅपटॉपला डोंगल लावते, त्यात मोबाइलचं सिम, त्यावर काम. त्या दिवशी नागपूरच्या एका औषध व्यापाऱ्याचा सगळा डेटा जुन्या सर्व्हरवरून नव्यावर न्यायचा होता. याला कटओव्हर म्हणतात. मध्येच अडकला की धड जुनं चालत नाही, धड नवं.

आमचे मॅनेजर देशमुख सर. त्यांनी तारीख काढली ती नेमकी आमच्या पालखीची.

"सर, त्या दिवशी ग्रामदेवता घरी येते."

"मग पुण्याला येऊन कर. तिकडून करणार असशील तर कर, पण नेट गेलं की सोमवारपासून ऑफिस. कायमचं."

"तिकडूनच करते," मी म्हटलं. लोकांना वाटतं आईसाठी राहते. आई ठणठणीत आहे. मला माझ्या घरात राहायचंय, एवढंच. त्यासाठी कुणाची परवानगी मागायचा मला राग येतो.

आणि नेट गेलंच. कारण साधं होतं. शिमग्याला अख्खी मुंबई गावात उतरलेली आणि जो तो पालखीचा व्हिडिओ लाइव्ह पाठवत होता. काड्या टॉवर किती जवळ आहे ते सांगतात, त्यावर गर्दी किती ते नाही. डोंगल आपलं जवळचाच टॉवर धरून बसतं.

वाडीतला टॉवर टेकाडाआड जाईल अशी एकच जागा होती, सड्याचं पलीकडचं टोक. सडा म्हणजे जांभ्याचं उघडं पठार. तिथे डोंगल खाडीपलीकडचा टॉवर धरतं.

"आई, पालखी आली तर?"

"ओटी मी भरीन गो. तू जा. त्या पुणेवाल्याला दाखव."

स्कूटरवरून सड्यावर गेले, काजूच्या सावलीत लॅपटॉप उघडला. दोनच काड्या, पण रस्ता मोकळा. डेटा धावायला लागला.

निम्मं काम झालं असेल, तेवढ्यात ढोल. एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायची पालखीची वाट सड्यावरूनच जाते, हे मी साफ विसरले होते.

"वैशाली, आवाज कसला? म्यूट कर!" कॉलवर देशमुख सर.

"म्यूट केलं तर नागपूरला पुढची स्टेप कोण सांगणार? देव आलाय सर. वाजणारच."

पालखीपुढे आमच्या गावचे मानकरी दत्ताकाका होते. "काय गो बाय, देवाला तोंड पण दाखवणार नाय?"

"काका, कीबोर्डवरून हात काढता येत नाही. सगळं बिघडेल."

काकांनी ढोल थांबवला. "मग देवच येतो तुझ्याकडे."

पालखी काजूखाली आली, खांदेकऱ्यांनी ती माझ्यापुढे झुकवली. एक हात कीबोर्डवर ठेवून मी बसल्या जागी डोकं टेकवलं. रडू आलं, लपवलं नाही. कॉलवरून नागपूरचा माणूस म्हणाला, "मॅडम, आमचाही नमस्कार सांगा."

डेटा पोचला. नव्या सर्व्हरवर पहिलं बिल निघालं.

सोमवारी सरांचा फोन. "ठीक आहे, तिकडूनच कर. पुढचा कटओव्हर गणपतीत ठेवू?"

"ठेवा की," मी म्हटलं. "फक्त करायला दुसरं कुणी बघा."

तेव्हापासून तारखा मला विचारून ठरतात.